मधलं बटण

छोट्या विमान कंपनीत वैमानिक असणं म्हणजे काय, हे धाकटीच्या सासूबाईंनी एकदा जितकं नेमकं सांगितलं तितकं आजवर कुणाला जमलेलं नाही. शेजारच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "तुमची सून विमान चालवते म्हणे." सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चालवते ना. गावोगावची गाडी असते तसलीच. फक्त वरून जाते."

यात तसूभरही खोट नव्हती. कंपनीची विमानं तीन. त्यातलं एक कायम हँगरमधे पोट उघडं टाकून पडलेलं, त्याचे सुटे भाग काढून उरलेल्या दोघांना घालायचे. प्रत्येकाला दोन पंखे, आणि त्यांचा आवाज असा की दिवसभर उडून घरी आलेली धाकटी जेवताना मीठ मागायची तेही ओरडून. उड्डाणं इतकी आखूड की वर पोचून चहा ओतावा, तर तो निवायच्या आत उतरायची तयारी. मोठ्या कंपन्यांचे वैमानिक महासागर ओलांडतात आणि हॉटेलातल्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर झोपतात. इथले दिवसातून सहा वेळा चढतात, सहा वेळा उतरतात, मधल्या थांब्यात सीटांवरचे बिस्किटांचे तुकडे झटकायला हात लावतात, आणि गर्दी कमी असली तर "चारपाच जण जरा मागे बसा हो, वजन पुढे होतंय" म्हणून प्रवाशांच्या विनवण्या करतात. लोकांना मात्र दिसते ती टोपी आणि खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या. दिसेना का बापड्यांना.

धाकटी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. कंपनीत आली तेव्हा ती सगळ्या वैमानिकांत लहान होती, म्हणून ते पडलं. नंतर तिच्याहून लहान दोघं आले, तिचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शाळेत जायला लागली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. ठेवणारे होते मास्तर.

मास्तर हे कंपनीतले सगळ्यांत जुने कॅप्टन. त्यांच्या हाताखालून गेला नाही असा एकही वैमानिक तिथे नव्हता. बुटका, जाडसर माणूस, मिशा पांढऱ्या आणि आवाज लोण्यासारखा मऊ. आवाज न चढवता माणसाला जमिनीत गाडायची कला त्यांच्याकडे होती, आणि गाडल्यावर त्यालाच हात देऊन वर काढायचीही. मुलगी झाल्यावर धाकटी वर्षभर घरी होती, तेव्हा ऑपरेशन्सचे साहेब म्हणत होते की ही काही परत येत नाही, दुसरं कुणी बघू. मास्तर त्यांच्या केबिनमधे जाऊन बसले आणि म्हणाले, "ती येणार आहे. तिच्या खुर्चीत कुणी बसायचं नाही." एवढंच बोलले, पण खुर्ची राहिली.

कॉकपिट म्हणजे दोन खुर्च्यांचं एक कोंदट कपाटच. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे सहवैमानिक, कोपराला कोपर लागणार. कित्येक संसारांत नवराबायको आयुष्यभर इतके जवळ बसत नसतील. आणि दोघांच्या बरोबर मधे, पुढच्या काचेच्या खालच्या पट्टीवर, एक गोल बटण असतं. फिरवलं की कट् असा आवाज होतो, आणि एका कट् ला हजार फूट या हिशोबानं वरच्या छोट्या खिडकीतला आकडा बदलतो. ऑटोपायलट चालू असताना विमान त्या आकड्यापर्यंत जातं आणि तिथे थांबतं. माणसाच्या मनात कुठला आकडा आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

म्हणूनच त्या बटणाचा एक नियम होता, आणि मास्तरांनी तो प्रत्येकाच्या अंगात भिनवला होता. ज्यानं बटण फिरवलं त्यानं आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि खिडकीकडे बोट दाखवायचं. मग दुसऱ्यानं बघायचं, त्यानंही बोट दाखवायचं, त्यानंही म्हणायचं. बोट आणि तोंड, दोन्ही. पहिल्याच आठवड्यात धाकटीनं न बोलता बटण फिरवलं तेव्हा मास्तरांनी तिचं मनगट हवेतच धरलं होतं. "हात आला," ते म्हणाले होते, "तोंड कुठे राहिलं?"

आणि आता तेच मास्तर चुकायला लागले होते.

पहिल्यांदा एका सकाळी दिशा चुकली. टॉवरनं एक सांगितली, मास्तरांनी भलतीच लावली. धाकटी म्हणाली, "मास्तर, दिशा." "हं, बरोबर," म्हणून त्यांनी ती दुरुस्त केली. यात काही विशेष नव्हतं. चुका सगळेच करतात, म्हणून तर खुर्च्या दोन असतात. मग पुढच्या आठवड्यात उंची चुकली. मग तपासणीच्या यादीतली एक ओळ त्यांनी न बघताच "झालं" म्हणून टाकली, आणि ते झालेलं नव्हतं. प्रत्येक वेळी धाकटीनं सांगितलं. पण एका दुपारी एकाच उड्डाणात तिला दोनदा टोकावं लागलं, आणि दुसऱ्यांदा मास्तरांनी तिच्याकडे वळून बघितलं. गृहपाठ विसरलेलं पोर बाईंकडे बघतं तसं. ती नजर त्यांच्या तोंडावर शोभत नव्हती. तिला ती परत बघायची नव्हती.

म्हणून पुढच्या खेपेला मास्तरांनी चुकीचा आकडा लावला, तेव्हा ते डावीकडच्या काचेतून बाहेर बघत असताना तिनं हात लांब केला, एक कट् फिरवलं आणि गप्प बसली. मास्तरांना कळलंसुद्धा नाही. तिला केवढं हायसं वाटलं. माणूस दुखावला नाही, आकडाही बरोबर झाला, साप मेला आणि काठीही शाबूत. खरा घोळ झाला तो इथे, पण घोळ होताना कधी आपण घोळ आहोत असं सांगत थोडाच येतो.

नंतर ती सवयच पडली. मास्तर चुकायचे, ती सावरायची. रोस्टरवर, म्हणजे कुणी कुणाबरोबर उडायचं त्या यादीत, त्यांची जोडी वरचेवर लागायची, त्यामुळे सावरायची संधीही वरचेवर मिळायची. आदल्या संध्याकाळी फोनवर रोस्टर आलं की ती आधी शेजारचं नाव बघायची. मास्तर असले की फोन पालथा ठेवून द्यायची. पूर्वी ह्याच नावानं तिचा दिवस हलका व्हायचा. आता विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत तिचे डोळे त्यांच्या हातावर असायचे, कुठे जातोय, काय फिरवतोय, कशावर थांबतोय. स्वतःचं काम करून दुसऱ्याच्या हातावर पहारा द्यायचा, तोही त्याला कळू न देता. घरी यायची तेव्हा मानेची शीर ताठलेली. नवरा एकदा म्हणाला, "झोपेत तुझी बोटं काहीतरी पिळत असतात." तिनं हसण्यावारी नेलं.

सांगायचं तर कुणाला आणि कसं? कॅप्टन होण्यासाठी तिची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती आणि ती घेणार होते मास्तर. आत्ता त्यांच्याविरुद्ध तोंड उघडावं तर सगळे म्हणणार, ज्यानं घडवलं त्याच्याच मुळावर उठली. गप्प राहावं आणि त्यांनी पास करावं, तर मनात कायमची टोचणी, की ह्या पट्ट्या आपल्याला गप्प बसल्याबद्दल मिळाल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि साहेबांच्या कानावर घातलं की काय होतं हे तिला ठाऊक होतं. चौकशी, डॉक्टर, आणि मास्तर जमिनीवर. दोनएक वर्षांनी ते निवृत्तच होणार होते. तेवढा काळ आपण हात लांब करत राहिलो तर काय बिघडलं, असं ती स्वतःला समजावायची. पण ज्या दिवशी शेजारी दुसरं कुणी असेल त्या दिवशी काय, हा प्रश्न पाठोपाठ यायचाच.

शेवटी एका संध्याकाळी जेवताना तिनं घरी सांगितलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो म्हणाला, "माझ्याकडे रोज येतात अशी माणसं. बायकोनं हाताला धरून आणलेलं असतं, आणि मला म्हणतात, मला काय धाड भरलीय. तू सांगून टाक सरळ."

"सरळ काय सरळ," सासूबाई म्हणाल्या. "उंटावरून शेळ्या हाकायला तुला काय जातंय? गुरूसारखा माणूस तो. म्हातारपणी होतं इकडंतिकडं. मोठ्यांच्या दोन चुका पोटात घालाव्यात माणसानं. मी नाही तुझ्या वडिलांच्या घातल्या?"

"घातल्यास ना. आणि वर सगळ्या गावाला सांगितल्यास," मुलगा म्हणाला.

सासूबाई हसल्या. मग वाढता वाढता मधेच थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या विमानात माणसं किती असतात गं?"

"भरलं तर सत्तेचाळीस."

सासूबाईंनी वाढायचा चमचा भांड्यात ठेवून दिला. 

दुसऱ्या दिवशी सांगायचंच, असं ठरवून धाकटी घरातून निघाली. वारा सुटला होता आणि डोंगराकडचे ढग खाली उतरले होते. पहिली दोन उड्डाणं बरी गेली. मास्तर एकदाही चुकले नाहीत. दुसऱ्या थांब्यावर पंखाच्या सावलीत उभं राहून दोघं चहा प्यायले. मास्तरांनी आपल्या ऑम्लेट-ब्रेडमधला अर्धा तिच्या हातावर ठेवला.

"खा. तोंड बघ कसं उतरलंय. परीक्षेचं टेन्शन आलंय काय?"

"थोडंसं."

"तुला कसलं टेन्शन? तुझ्याबरोबर बसलो की मी निवांत असतो," मास्तर म्हणाले.

ही वेळ होती. "मास्तर, एक बोलायचं होतं," एवढे शब्द जिभेवर तयार होते. पण जो माणूस आपल्याबरोबर निवांत असतो म्हणतो, त्याला चहा पिताना असलं काही कसं सांगायचं? आज तर ते चुकलेही नव्हते. चांगल्या दिवशी कशाला, असं तिच्या मनानं लगेच काढलं. मनाला काय, पळवाट दाखवा, ते बूट घालून तयारच असतं. तिनं ब्रेडचा घास घेतला आणि शब्द गिळले.

तिसरं उड्डाण डोंगरातल्या गावाचं होतं. त्या गावची धावपट्टी दोन डोंगरांच्या मधे आहे, आणि ढग असले की एका ठरावीक ठिकाणापर्यंत सहा हजार फुटांच्या खाली यायचं नाही, हा तिथला पहिला नियम. कारण उघड आहे. ढगात डोंगर दिसत नाही आणि डोंगराला आपण आल्याचं काही कळत नाही.

विमान मास्तर चालवत होते. बोलणं आणि यादी वाचणं धाकटीकडे. ढगात शिरल्याबरोबर विमान खडखडायला लागलं, काचेवर पाण्याच्या रेघा आडव्या पळायला लागल्या. टॉवरनं सांगितलं, सहा हजारांपर्यंत उतरा. धाकटीनं ते परत म्हणून दाखवलं. मास्तरांनी मधलं बटण फिरवलं आणि पुटपुटले काहीतरी. बोट दाखवलं नाही. तिनं खिडकीत बघितलं. सात हजार.

 मास्तर डावीकडे वळून पंखावर बर्फ धरतंय का ते बघत होते. तिनं हात लांब केला, एक कट् खाली. सहा हजार. झालं, सावरलं. तेवढ्यात मागून ताईंचा फोन आला. ताई म्हणजे प्रवाशांकडे बघणाऱ्या, वर्षानुवर्षं त्याच विमानात. त्या म्हणाल्या, "एका आजोबांना उलट्या होतायत, अजून किती वेळ हे असं हलणार?" धाकटी मान वळवून त्यांच्याशी बोलायला लागली.

नेमक्या त्याच वेळी मास्तरांना आठवलं. सांगितलं होतं सहा, आपण लावलं सात. आजकाल असं काहीतरी होतंय आपलं, म्हणून ते मनातल्या मनात चरकले. धाकटीला कळायच्या आत दुरुस्त करून टाकू म्हणून त्यांनी समोरच बघत हात पुढे केला आणि सवयीनं, अंदाजानं, एक कट् खाली फिरवलं.

खिडकीत पाच हजार आले. ते कुणीच बघितलं नाही.

धाकटीनं फोन ठेवला आणि यादी वाचायला घेतली. "उंची?"

"सहा हजार," मास्तर म्हणाले.

"सहा हजार," धाकटी म्हणाली.

दोघंही खरं बोलत होते. दोघांनीही ती चूक सुधारलेली होती, हेच तर सगळं दुखणं. तिला माहीत होतं की तिनं सहा केलेत, त्यांना माहीत होतं की त्यांनी सहा केलेत. मग बघायचं कशाला? आणि तिची नजर खिडकीकडे नव्हतीच. ती मास्तरांच्या तोंडाकडे होती. आज उतरल्यावर तरी सांगायचं का, हा विचार तिच्या डोक्यात चालू होता.

विमान सहा हजारांवर आलं आणि थांबलं नाही. उंचीचा आकडा खाली सरकत राहिला. एकोणसाठशे. अठ्ठावन्नशे. धाकटीला ते दिसलं. एवढ्या वर्षांचं शिक्षण असं की दिसताक्षणी तोंडातून शब्द निघायला हवा. तो निघाला नाही. आधी हात निघाला, मधल्या बटणाकडे, गुपचूप सावरायला. हात पोचला आणि खिडकीत पाचाचा आकडा दिसला, आणि तिला काही समजेनाच. मी तर सहा केले होते. मी स्वतः केले होते. त्या आकड्यावर तिचा विश्वासच बसेना, आणि विश्वास बसायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात विमान आणखी खाली आलं.

मग ते यंत्र बोललं. समोर जमीन आली की ओरडायला असतं ते. "टेरेन. टेरेन. पुल अप." जमीन आहे, वर ओढा. सरावाच्या खोलीत तिनं तो आवाज शेकडो वेळा ऐकला होता. खऱ्या विमानात कधीच नाही.

मास्तरांचे हात मात्र चुकले नाहीत. ऑटोपायलट सुटला, दोन्ही इंजिनं पूर्ण ताकदीवर गेली, नाक वर उचललं गेलं आणि सगळं वजन खुर्चीत दाबलं गेलं. मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. काचेपुढे नुसता पांढरा रंग. ढगाला एक फट पडली आणि तिच्यातून धाकटीला ओली काळी झाडं दिसली, झाडांचे शेंडे नव्हे, फांद्या. मग परत पांढरं. यंत्र गप्प झालं. साडेसहा हजार, सात हजार, आठ. ढगावर येऊन विमान उन्हात सरळ झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण आकडे मोठ्यानं म्हणतोय, कुणीही न विचारता, एकामागून एक.

मास्तरांनी एकदा तिच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "तू घे. कंट्रोल तुझ्याकडे."

"कंट्रोल माझ्याकडे," ती म्हणाली.

विमान तिनं उतरवलं. दुसऱ्या खेपेला प्रत्येक आकडा दोघांनी म्हटला, बोटं दाखवून, कोवळ्या शिकाऊंसारखं. चाकं टेकली, पंखे थांबले, प्रवासी उतरले. उलट्या झालेले आजोबा दारात ताईंना म्हणाले, "रस्ता फारच खराब आहे हो तुमचा." ताई हसल्या. आपण किती थोडक्यात वाचलो हे त्यांनाही कळलेलं नव्हतं. परतीचे प्रवासी पत्र्याच्या शेडमधे पिशव्या घेऊन रांगेत उभे होते. ताईंनी कॉकपिटमधे डोकं घालून विचारलं, "सोडायला सांगू का त्यांना?"

"थांब जरा," मास्तर म्हणाले. "दार ओढून घे."

दार लागलं. मास्तरांनी पट्टा सोडला नव्हता. ते मधल्या बटणाकडे बघत होते.

"मी सात लावले होते. मग माझं मला आठवलं, म्हणून एक खाली केलं. म्हणजे सहा. मग पाच कुठून आले?"

धाकटीनं बटणाकडे बोट दाखवलं. "मीही एक खाली केलं होतं. तुमच्या आधी."

"न सांगता?"

"न सांगता."

मास्तरांनी मान हलवली. रागावलेले दिसत नव्हते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "आजच?"

ती गप्प राहिली. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण परत तेच करतोय. "नाही," ती म्हणाली. "बऱ्याच दिवसांपासून. तुमचं चुकतं आणि मी फिरवते. किती वेळा ते नाही सांगता येणार."

"किती वेळा ते सांगता येणार नाही, इतक्या वेळा," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, मास्तर. त्या दिवशी मी दोनदा टोकलं, तर तुम्ही असं बघितलंत..."  तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

मास्तरांनी टोपी मांडीवर घेतली. तिची कड बोटांनी चाचपत ते हळूहळू बोलायला लागले. "मला शंका येत होती. घरी दोनदा गॅस चालू ठेवला. एकदा ओळखीच्या रस्त्यावर गाडी थांबवून उभा राहिलो, कुठे वळायचं ते कळेना. विमानातही असंच होतंय का, ह्या भीतीनं अंथरुणात पडून राहायचो. मग रोस्टरवाल्याला मीच सांगितलं, मला धाकटीबरोबर लाव. म्हटलं, ही पोरगी तोंडाची फटकळ, कुणाची भीड ठेवत नाही. माझं काही चुकायला लागलं तर ही पहिली बोलेल." ते थांबले. "पहिलेपहिले तू टोकायचीस. मग टोकेनाशी झालीस. मला केवढा आनंद झाला, माहितीये? तू काही बोलत नाहीस, म्हणजे मी ठीक आहे. बायकोला सांगितलं मी. म्हटलं, सुधारलो बघ."

धाकटीला वाटलं होतं, आपण ह्या माणसाला वाचवतोय. ज्या आरशात ते रोज स्वतःला बघत होते तो तिनंच झाकून ठेवला होता, तोही मायेनं. ह्याला चूक म्हणायचं तर म्हणा, तिला मात्र त्या क्षणी त्याहून वाईट शब्द सुचत होते.

बाहेर शेडमधून कुणीतरी उशीर का होतोय म्हणून विचारत होतं. मास्तरांनी फोन काढला आणि साहेबांना लावला. "साहेब, परतीचं विमान मी घेऊन येत नाही. दुसरा कॅप्टन पाठवा. तोवर लोकांना थांबवा, शिव्या माझ्या नावावर घाला... विमान ठीक आहे. माझंच बोलतोय मी. थोडक्यात वाचलोय आज." पलीकडून बरंच काही बोललं गेलं. मास्तर ऐकत होते. मग म्हणाले, "नेमकं काय होतंय ते मला नाही सांगता येणार. माझ्या लक्षातच येत नाही ते. शेजारी बसणारीला विचारा."

त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. धाकटीनं नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही सांगा ना, मास्तर. तुमच्या तोंडून गेलं तर..."

"मला माहीतच नाही. मी काय सांगू?"

तिनं फोन घेतला. साहेब हॅलो, हॅलो करत होते. मास्तर दोन वितींवर बसलेले, कोपराला कोपर लागलेलं. जायला दुसरी जागा नव्हती. ती बाजूच्या काचेकडे तोंड करून अगदी खालच्या आवाजात बोलायला लागली, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तशी.

"मोठ्यानं बोल," मास्तर म्हणाले.

तेव्हा ती वळली, त्यांच्याकडे तोंड करून बसली आणि तिनं पहिल्यापासून सांगायला घेतलं. ती दिशा चुकली होती त्या सकाळपासून, कुठे काय लावलं, काय राहिलं, न बघता कशाला "झालं" म्हटलं, एकही न गाळता. साहेब मधेमधे काही विचारत होते. मास्तर मान खाली घालून ऐकत होते, आणि त्यातलं बहुतेक सगळं ते पहिल्यांदाच ऐकत होते.